चंद्र मावळत नाही तिथले चार तास

१० ऑक्टोबर २००६, मंगळवार. साउथहॅम्प्टन

अंगारकी. चंद्र साडेसातच्या सुमारास उगवायचा होता, दिसला आठ वाजून दहा मिनिटांनी. शेजाऱ्यांच्या चिमणीमागे ढग अडकून बसला होता. अर्घ्य दिलं, आत आलो — तर ताट नाही! सुनीती ओट्यापाशी उभी, मोबाइलवर बोट टेकवत. वर्षभर बघतोय, चंद्र दिसला की हिला मेसेज आठवतात. "अहो, एक मिनिट." दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला एक मिनिट केवढं असतं!

पहिला घास घेतला आणि ती म्हणाली, "दुपारी आश्लेषाचा फोन होता."

मी घास चावत राहिलो.

"ती आता इलुलिसात सोडून नूकला चाललीय. नवी नोकरी, तीन वर्षांची. मध्ये विमान बदलायचं आहे, चार तासांचा लेओव्हर. म्हणाली, बाबांना यायचं असेल तर तिथे येऊ देत."

"तिथे म्हणजे कुठे?"

"विमानतळावर. आठ नोव्हेंबरला."

ग्रीनलंडमधल्या विमानतळावर! लेक घरी येणार नाही, तिच्या घरी या म्हणणार नाही. मध्येच कुठेतरी, जिथे तिचंही घर नाही आणि माझंही नाही. मोदक ताटात तसाच राहिला.

११ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. चौदा महिन्यांत या वहीत ते वाक्य लिहायची हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली. आश्लेषा तेव्हा बर्फावर तंबूत होती, हिमनदी किती सरकते ते मोजत. निरोप तिला पाचव्या दिवशी मिळाला. सहाव्या दिवशी तिचा फोन गावी लागला. मी नदीवरून आलो होतो, डोकं भादरलेलं. ती रडत होती. आणि मी म्हणालो — "आजीच्या वेळी आली नाहीस. आता माझ्या वेळीही घाई करू नकोस."

निरोप उशिरा पोचला हे मला माहीत होतं. माहीत असून बोललो.

तेव्हापासून घरी फोन येतो आणि मी उचलला तर दोनच शब्द — "आईला द्या." हॅलोसुद्धा नाही. मी देतो.

१२ ऑक्टोबर

कॅलेंडर पाहिलं. आठ नोव्हेंबर — संकष्टी! सुनीतीला दाखवलं. ती म्हणाली, "तारीख तिने सांगितली, मी नाही." आणि कपडे वाळत घालायला गेली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

लेस्टरला अतुलला फोन केला. बेलग्रेव्ह रोडवर त्याचं ट्रॅव्हल एजन्सीचं दुकान आहे. वीस वर्षं आमची भारताची तिकिटं तोच काढतो.

"शशीभाऊ, परत बोला. कांगर — काय?"

"कांगरलुसुआक."

टकटक करत बसला. मग म्हणाला, "भाऊ, तिथे कुणी जात नाही हो. तिथून जातात! सिस्टिम मला विचारतेय, पुढचं विमान कुठलं?"

"पुढचं नाही. तेच शेवटचं."

"मग करणार काय तिथे?"

"भेटायचं आहे."

अतुलला आमचं सगळं माहीत आहे. लेस्टरपर्यंत कुणाचं काही लपत नाही. आवाज खाली आला त्याचा. "बरं. सात तारखेला कोपनहेगनला मुक्काम. आठला सकाळी नऊला निघाल, तिथे पावणेदहाला. चुकून सांगत नाही हं — पावणेपाच तासांचं विमान आहे, पण घड्याळ चार तास मागे जातं. सूर्य तुमच्याबरोबर चालणार, समजा. परत यायचं विमान दहा तारखेला. तोवर तिथेच. हॉटेल विमानतळाच्याच इमारतीत आहे, बाहेर पडायचीही गरज नाही."

चार तासांच्या भेटीसाठी दोन दिवसांचा मुक्काम. सुनीतीला म्हटलं, चल तू पण. "नाही. तिने तुम्हाला बोलावलंय." जिन्यावरून जाता जाता वळली — "आणि एक सांगते. चार तास दिलेत तिने. पाचवा मागू नका."

१७ ऑक्टोबर

लायब्ररीतून मोठा ॲटलास आणला. कांगर सापडायला दहा मिनिटं लागली. समुद्राची एक लांब बारीक चीर जमिनीत घुसलीय आणि तिच्या टोकाशी एक ठिपका. ठिपक्याच्या उजवीकडे पांढरं. नुसतं पांढरं — रस्ता नाही, गाव नाही, नाव नाही. माझा पूर्ण पंजा मावतो त्या पांढऱ्यावर. तळहाताखाली दोन-तीन किलोमीटर जाडीचं बर्फ, असं खाली छापलंय. आश्लेषा यावर राहिली! तंबूत!

मला जंगम गुरुजींचा भोपळा आठवला. चौथीत होतो. एका खोलीत चार वर्ग, पृथ्वीचा गोल शाळेला मंजूर झाला होता पण आला नव्हता. गुरुजींनी वाळलेला भोपळा आणला, त्यात काठी खुपसली, काठी तिरकी धरली आणि समोर कंदील ठेवला. दारं लावून घेतली. म्हणाले, हे बघा, हा वरचा शेंडा. इथे सहा महिने दिवस, सहा महिने रात्र. मागून कुणीतरी विचारलं — "गुरुजी, मग तितली माणसं जेवत्यात कधी?" सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. भोपळा हातात एकदा फिरवून बघितला. "मला माहीत नाही," म्हणाले. "कुणी गेलंच तर विचारून या."

विचारणारा मीच होतो.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आश्लेषाचा फोन. मीच उचलला. म्हणणार होतो की तिकीट काढलं. "आईला द्या." दिला.

२४ ऑक्टोबर

आज डोकं फिरायची वेळ आली. कांगरला चंद्रोदय किती वाजता ते काढायला बसलो. कॉम्प्युटरवर गावाचे अक्षांश-रेखांश घातले की महिन्याचा तक्ता येतो. इथला चंद्रोदय मी असाच काढतो, छापून फ्रिजवर लावतो. तक्ता आला. एक तारखेला वेळ आहे, दोनला आहे, तीनला आहे. आठच्या पुढे — फुल्या! सातच्या पुढेही फुल्या, नऊच्याही. पाच-पाच फुल्यांची रांग. आकडे चुकले असतील म्हणून पुन्हा घातले. पुन्हा फुल्या. बिघडलं असावं.

पहिल्यापहिल्यांदा इथे आलो तेव्हा मी पुण्याच्या कॅलेंडरमधली वेळ धरायचो. तिकडे रात्री साडेआठ म्हणजे इथे दुपारचे तीन! ढळढळीत उन्हात हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये उपास सोडायचो, दोन वर्षं. आईला ट्रंक कॉलवर सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. "आरं येड्या, जिथं हायेस तिथला चंद्र बघावा. माझा चंद्र घिऊन काय करतोस?"

२५ ऑक्टोबर

बिघडलेलं नाही! आमच्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये मी मॉनिटर दुरुस्त करतो, शेजारच्या बाकावर ग्रॅहम रेडिएशनची मोजमापं करतो. त्याला तक्ता दाखवला. त्याने चष्मा वर केला. "फुल्या म्हणजे तो मावळत नाही, शशी. दिवसभर वरच असतो."

"चंद्र?"

"चंद्र. तीन-चार दिवस नुसता गोल फिरतो आकाशात. खाली येतो, टेकत नाही, परत वर जातो."

मी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि तक्त्याची घडी करून खिशात घातली.

घरी येऊन देव्हाऱ्यातला नारळ घेतला, टॉर्च घेतला, दिवे मालवले. नारळ तिरका धरला. टॉर्च म्हणजे सूर्य. चंद्राला लिंबू. आणि दिसलं! थंडीत शेंडा सूर्यापासून पाठ फिरवतो, तेव्हा पौर्णिमेनंतरचा चंद्र बरोबर समोर, डोक्यावर. जिथे सूर्य सगळ्यात कमी, तिथे चंद्राला सुट्टीच नाही. उलटं केलं — उन्हाळा. शेंडा उन्हात, रात्र नाही, आणि लिंबू पार खाली. तेव्हा संकष्टीचा चंद्र तिथे उगवतच नाही. एक नाही, दोन नाही, दोन-तीन महिने!

हे कुणी बसवलं असेल? बर्फावरच्या माणसाला अंधारात एकटं सोडायचं नाही, एवढा विचार!

सुनीतीने दिवा लावला. "अहो! पूजेचा नारळ आहे तो!" मग टॉर्च बघितला, लिंबू बघितलं. "चाळीस वर्षांनी गृहपाठ?"

पण मग प्रश्न राहतोच. चंद्र मावळत नाही, म्हणजे उगवतही नाही. उपास सोडायचा कधी?

२८ ऑक्टोबर

गावी फोन केला. नंदू, माझा चुलतभाऊ, आता घरातले देव तोच बघतो. सगळं समजावून सांगितलं. नारळ-लिंबू सुद्धा.

"दादा, म्हंजी त्यो मावळतच न्हाई?"

"नाही."

"मग आदल्या दिवसाचाच त्यो. नवा कुठला? तुझा उपास सुरू तरी कवा झाला म्हणायचा?"

नंदूने मग भटजींना विचारून परत फोन करतो म्हणून सांगितलं. तासाने आला. "भटजी म्हणलं, असल्या ठिकाणी लोकं जात्यात कशाला ते आधी इचारा."

दोघेही हसलो. मग तो म्हणाला, "दादा, थोरल्या आईनं तुला काय सांगितलं व्हतं? तिथला चंद्र बघ. मग बघ की जाऊन. हितं बसून काय कळणार?"

"तू धरतोस का रे संकष्टी?"

"मी आपली अंगारकी तेवढी. रोज रानात जायचं, उपाशीपोटी न्हाई हुत."

म्हणजे तिकडे कुणी धरत नाही. इथे सुनीतीला डायबेटिस, तिला चालत नाही. मी एकटाच.

मी विलायतेला निघालो तेव्हा आई ओलं लुगडं पिळत होती. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिच्या. दोघांनी उलटसुलट पीळ घातला. म्हणाली, "संकष्टी तू तिकडं धर, मी हिकडं धरते. दोन टोकं धरली की सुटत न्हाई." आश्लेषा सात वर्षांची असताना गावी नेली होती, तर तिच्याही हातात लुगड्याचं टोक देऊन हेच ऐकवलं होतं म्हातारीने. पोरगी पिळता पिळता चिखलात बसली होती! केवढी हसली होती आई.

पंधरा महिने होत आले, त्या टोकाला कुणी नाही. दर महिन्याला अर्घ्य देताना हाताला जाणवतं ते. पीळ बसत नाही.

२९ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे. चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखं. आश्लेषा लहान असताना या दिवसांत फार खूश असायची — चंद्र लवकर यायचा आणि तिला तोवर जागं राहता यायचं. बागेत जाऊन ठाण मांडायची आणि ओरडायची, "आला! आला!" ती ओरडल्याशिवाय सुनीती ताट वाढायची नाही, असा घरचा नियम. एकदा विमानाच्या दिव्यालाच चंद्र समजून ओरडली आणि मी जेवलो. तिला अजून सांगितलेलं नाही.

१ नोव्हेंबर

कोट घेतला. दुकानातल्या मुलीने विचारलं, "स्कीइंग?" म्हटलं, "नाही, विमानतळ." तिथे उणे अठरा आहे असं ग्रॅहमने बघून सांगितलं. आमच्या फ्रीझरवर उणे अठराच लिहिलंय. म्हणजे मी मटारांच्या पिशवीशेजारी उभा राहून लेकीशी बोलणार.

४ नोव्हेंबर

बॅग भरली. पितळी गणपती, अंगठ्याएवढा, आईचा. पळी, छोटा तांब्या. कुंडीतल्या एकवीस दूर्वा ओल्या रुमालात. सुनीतीने खव्याचे मोदक केले, डब्यात अकरा. "एवढे कशाला?" तर म्हणाली, "असू देत. लागतात." आश्लेषा मोदक खाणं सोडून पाच-सहा वर्षं झाली. गोड खात नाही म्हणते.

आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं — "माझं चुकलं." आरशातला माणूस ओळखीचा वाटेना. आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. वडिलांनी म्हटलं नाही, मी म्हटलं नाही. परत म्हटलं. सुनीती खालून ओरडली, "काय म्हणालात?" "काही नाही!"

५ नोव्हेंबर

पौर्णिमा, आणि इथल्या लोकांचा बॉनफायरचा, शेकोट्यांचा दिवस. सगळं साउथहॅम्प्टन फटाके उडवतंय. धुराच्या वर चंद्र मात्र आपला निवांत. किती उंच चढला होता! गेल्या कित्येक वर्षांत एवढा उंच पाहिलेला नाही. ग्रॅहम म्हणतो, अठरा-एकोणीस वर्षांतून एकदा तो असा सर्वांत वर जातो, आणि तो याच वर्षी. म्हणजे मागच्या वेळी आश्लेषा चार-पाच वर्षांची होती. आता तेवीसची.

बोललो नसतो तर पंधरा महिने वाचले असते.

७ नोव्हेंबर, कोपनहेगन

हॉटेलची खोली एवढी लहान की बॅग उघडली की दार उघडत नाही. गणपती टेबलावर ठेवला. सुनीतीचा फोन — "पोचलात? झोपा." मग घुटमळली. "अहो, उद्या इथे चंद्र सव्वासहाला उगवतोय." म्हटलं, मला तिथला लागणार, इथला घेऊन काय करू? "बरं," म्हणाली. हसल्यासारखी वाटली.

८ नोव्हेंबर, बुधवार. कांगर. सकाळचे अकरा

पोचलो. कसं लिहू?

विमानाच्या खिडकीतून तासभर बर्फ. मी आधी ढग समजलो. शेजारचा म्हणाला, ढग नाही, जमीनच ती. एक घर नाही, एक झाड नाही, एक वाट नाही. मी आपोआप हात जोडले. शेजाऱ्याला वाटलं मला विमानाची भीती वाटतेय. त्याने गोळी दिली पेपरमिंटची. उपास म्हणून खिशात ठेवली.

जिन्यावरून उतरलो. नाकातले केस गोठले, पहिल्याच श्वासाला. डावीकडे सूर्य — डोंगरावर नुकताच टेकवल्यासारखा, नारिंगी. आणि उजवीकडे चंद्र! दिवसाउजेडी, भला मोठा, एका बाजूने जरासा झिजलेला. दोघं एकाच वेळी दोन कडांवर. मधे मी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. धावपट्टीवरच थांबलो. मागच्या माणसाने "सॉरी" म्हणत धक्का दिला तेव्हा चालू लागलो.

एकच इमारत. तिच्यातच विमानतळ, हॉटेल, कॅंटीन, पोस्ट. बाहेर एक खांब आहे, त्याला सगळीकडे बाण — इतके तास लंडन, इतके न्यूयॉर्क, इतके उत्तर ध्रुव. आमच्या गावचा बाण नाही. मी मनातल्या मनात एक ठोकला, आग्नेयेला.

फलकावर लिहिलंय — इलुलिसातचं विमान, बारा वाजता. तिचं. नूकचं विमान, चार वाजता. तेही तिचंच.

साडेबारा

विमान आलेलं नाही. फलकावर वेळ बदलली — एक वाजून वीस. कॅंटीनमधल्या बाईंचं नाव नीना. इथल्याच, साठीच्या आसपास, गाल सफरचंदासारखे. इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ. तिसऱ्यांदा विचारायला आल्या, काही खाणार नाही का? सांगितलं, उपास आहे, चंद्र उगवला की जेवेन. त्यांनी खिडकीतून चंद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही शनिवारपर्यंत उपाशी!"

आणि खदखदून हसल्या. मीही हसलो. मग काळ्या चहाचा मग आणून ठेवला. "देवाला चालतो ना?" चालतो म्हटलं.

जंगम गुरुजींचा प्रश्न विचारला त्यांना — अंधाराच्या दिवसांत जेवता कधी? म्हणाल्या, "भूक लागली की. आणि घरचे सगळे आले की." मग जरा विचार करून, "खरं म्हणजे, सगळे आले की."

गुरुजी, विचारलं हो.

दीड

फलकावर आता वेळच नाही. नुसतं लिहिलंय, थांबा. नीना सांगतात, इलुलिसातला हिमवर्षाव आहे, थांबला तर येईल. न थांबला तर आज येणार नाही. आणि नूकचं विमान? ते दुसरीकडून येतं, ते वेळेवर. तिची जागा तिथे रिकामी जाईल, ती उद्या-परवा कधीतरी पुढे जाईल. इथे थांबून की न थांबता, कोण सांगणार?

चार तासांतला दीड तास गेला. पाचवा मागू नका म्हणाली होती सुनीती. पहिलाच मिळेना!

तीनदा बाहेर जाऊन आलो. मोदकांचा डबा कोटाच्या बाहेरच्या खिशात आहे, दर वेळी बरोबर फिरतोय. चंद्र खाली खाली येतोय, उत्तरेकडे सरकत. अथर्वशीर्ष म्हटलं. शेवटी मागणं मागायची सवय नाही मला. आज मागितलं. तू विघ्नं हरतोस असं लहानपणापासून म्हणतोय. हिमवर्षाव त्यात बसतो की नाही, माहीत नाही. बसत असेल तर बघ. नाही तर तिला एवढं कळू दे की मी आलो होतो.

दोन वाजून चाळीस

नीना काउंटरवरून हात हलवतायत. निघालंय! पस्तीस मिनिटांपूर्वीच निघालंय, फलक बदलायला कुणाला वेळ नव्हता!

बाहेर जातो. तांब्यात पाणी भरून घेतलं. नीनांनी गरम दिलं, "नाही तर दारापर्यंत दगड होईल."

८ नोव्हेंबर, तिचं विमान गेल्यावर

एक तास मिळाला. पुरा नाही, पन्नास मिनिटं.

लाल कोट, दोन बॅगा, डोळ्यांखाली सुरकुत्या — माझ्या आईसारख्या. मी नमस्कार-चमत्कार काही न करता पाठ केलेलं म्हणून टाकलं. "आश्लेषा, माझं चुकलं." ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा." मग — "जेवलात?"

"नाही अजून."

"मी पण नाही."

मला वाटलं, विमानात काही मिळालं नसेल.

तिने हात धरून इमारतीमागे नेलं, उत्तरेच्या बाजूला. सव्वातीन. मागे सूर्य बुडत होता, पुढे चंद्र डोंगराच्या अगदी कडेशी, आता टेकतो की मग. टेकला नाही. थबकला, आणि वर निघाला! मी अर्घ्य सोडलं. मंत्र संपेपर्यंत जमिनीवर पाण्याची काच झाली होती. ही मात्र चंद्राकडे बघतच नव्हती, मोबाइलकडे बघत होती. म्हटलं, आईची लेक! तेवढ्यात तो वाजला. तिने माझ्यापुढे धरला. सुनीतीचा मेसेज, एकच शब्द — आला. त्याच्यावर गेल्या महिन्याचा — आला. त्याच्यावर त्याच्या आधीचा. ती बोटाने वर सरकवत गेली. पंधरा.

"समरमध्ये इथे मून येतच नाही ना, बाबा. मग मी घरचा घेते."

"पण तू — कधीपासून?"

"आजी गेली ना. ती टोक... ते टोक कोणीतरी पकडायला पाहिजे होतं."

मोदक दगड झाले होते. तोंडात एकेक धरून, विरघळेपर्यंत दोघे उभे होतो.